काखेतला कळसा

पडद्यावर आधी नुसता करडा अंधार असतो. मग स्तनाग्राभोवतीच्या काळसर वर्तुळाच्या कडेला, जिथे सुई टोचली तिथे, एक ठिपका उजळतो. शस्त्रक्रियागृहातला मोठा दिवा कुणीतरी मालवलेला असतो. हातमोजा घातलेलं एक बोट तो भाग हलकेच चोळत असतं. ठिपका काही केल्या जागचा हलत नाही आणि पाहणाऱ्याला वाटू लागतं की प्रयोग फसला. तेवढ्यात ठिपक्याला काखेच्या अंगाने एक रेघ फुटते.

स्तनाच्या कर्करोगावरच्या शस्त्रक्रियेतली ही दोन-चार मिनिटं. शल्यचिकित्सक एकमेकांना शिकवण्यासाठी त्यांच्या चित्रफिती करतात आणि त्या आता कुणालाही बघता येतात. रसग्रहण कवितेचं करायचं, फार तर एखाद्या चित्राचं, हा रिवाज मला ठाऊक आहे. पण या फितीला आरंभ आहे, लय आहे, मध्येच एक अवघड विराम आहे आणि वाचकाला हमखास चकवणारा एक अर्थही आहे. एवढं असल्यावर तिचं रसग्रहण का करू नये?

पायाला काटा लागून चिघळलं की जांघेत अवधाण येतं, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही माहीत असतं. ती गाठ लसीकेच्या वाटेवरची. लसीका म्हणजे ऊतींमधून झिरपून रक्ताकडे परत जाणारा फिकट द्रव. जखमेतली घाण त्याच्याबरोबर निघते आणि या गाठींत अडवली जाते. स्तनातली लसीका मुख्यतः काखेत उतरते. काखेतल्या चरबीत अशा वीस-तीस गाठी रुतलेल्या असतात. कर्करोगाची पेशी स्तनातून सुटली तर बहुधा याच वाटेने जाते आणि वाटेत जी गाठ पहिली लागेल तिथे आधी अडकते. ती पहिली गाठ स्वच्छ निघाली तर पुढच्याही स्वच्छ असणार, असं मानायला भक्कम आधार आहे. डॉक्टर तिला सेंटिनल नोड म्हणतात. आपण राखणदार गाठ म्हणू.

आता या वीस-तीसांतली पहिली कोणती? कित्येक दशकं हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. अमेरिकेतल्या विल्यम हाल्स्टेड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घालून दिलेला शिरस्ता असा होता, की स्तन, त्याखालचे स्नायू आणि काखेतला सगळा ऐवज एकदम काढायचा. पुढे स्नायू वाचले, मग पुष्कळजणींचा स्तनही वाचू लागला, काख मात्र साफ होतच राहिली. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण इतकी शब्दशः क्वचितच कुठे लागू पडली असेल. १९७७ मध्ये रॅमॉन कबान्यास यांनी शिश्नाच्या कर्करोगात पहिल्या गाठीची कल्पना मांडली. १९९२ मध्ये डोनाल्ड मॉर्टन यांनी मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगात निळा रंग टोचून ती शोधून दाखवली. दोन-तीन वर्षांत ही कल्पना स्तनापर्यंत पोचली आणि निळा रंग, किरणोत्सर्गी टेक्नेशियम किंवा दोन्ही, अशी रूढ झाली. उजेडाची पाळी त्यानंतरची. २००५ मध्ये जपानच्या कीताई आणि सहकाऱ्यांनी इंडोसायनीन ग्रीन हा रंग आणि अवरक्त प्रकाश टिपणारा कॅमेरा वापरून १८ स्त्रियांच्या काखेत गाठ शोधली. १७ जणींत ती सापडली.

रेघेकडे परत येऊ. नीट पाहिलं तर ती सलग सरकत नाही. थोडी पुढे येते, थबकते, मग ठोका घेतल्यासारखी पुन्हा पुढे येते. रक्ताला हृदयाचा पंप आहे, लसीकेला तसा नाही. तिच्या वाहिन्यांच्या भिंती स्वतःच मिनिटाला काही वेळा आकुंचन पावतात आणि आत जागोजाग एकाच दिशेला उघडणाऱ्या झडपा असतात. रायगड जिल्ह्यात पेणच्या खाडीपट्ट्यातल्या शेतकऱ्याला हे समजवावं लागणार नाही. खारबंदिस्तीच्या बांधाला उघाडी असते. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी तिच्यातून बाहेर पडतं. भरतीचं खारं पाणी आत घुसू पाहतं तेव्हा तेच पाणी झाप दाबून बंद करतं. लसीकावाहिनीत अशा उघाड्या हारीने बसवलेल्या आहेत. पडद्यावरची थबकती लय या झडपांची. बाई भुलीखाली आहे, स्नायू ढिले पडलेत, श्वास यंत्र देतंय, आणि हे एक काम मात्र कुणाच्या हुकमाची वाट न बघता आपापलं चालू आहे.

मग रेघ काखेच्या कडेशी येते आणि नाहीशी होते.

पहिल्यांदा बघणारा कॅमेऱ्याला दोष देतो. खरं तर रेघ संपलेली नसते, खोल गेलेली असते. हा उजेड साधारण सेंटिमीटरभर खोलीवरूनच वर येऊ शकतो. त्याखालचं त्वचेवरून दिसत नाही. वाहिनी खोल उतरते ती गाठीकडे जाण्यासाठीच. म्हणून रेघ लुप्त झाली त्या जागेच्या किंचित पुढे, काखेच्या बाजूला, शल्यचिकित्सक खूण करतो आणि तिथेच छेद घेतो. सबंध फितीत मला सर्वांत आवडते ती ही जागा. दाखवण्याचं काम जिथे थांबलं, तिथेच सांगायचं ते सांगून झालं. अंगाने स्थूल बाईच्या बाबतीत ही रेघ फार लवकर बुडते, कधी त्वचेवरून दिसतच नाही. तिथे छेद घेऊन चरबी बाजूला सारल्यावरच खाली उजेड लागतो. आणि घाईत एखादी वाहिनी कापली गेली तर रंग सांडतो, छेदाची सगळी जागाच उजळून निघते, मग गाठ कुठली आणि सांडलेलं कुठलं हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. या शस्त्रक्रियेत जास्त उजेड झाला की कमी दिसतं.

पडद्यावरचा तो सुंदर हिरवा रंग मात्र खोटा आहे. कुपीतली भुकटी गडद हिरवी असते हे खरं, पण शरीरातून येणारा उजेड हिरवा नसतो. तो अवरक्त असतो, म्हणजे माणसाच्या डोळ्याला दिसतच नाही. कॅमेरा तो टिपतो आणि यंत्रातली प्रणाली त्याला रंग देते. काही यंत्रं पांढरा देतात, काही हिरवा, काही तीव्रतेप्रमाणे निळ्यापासून लालपर्यंतची उतरंड लावतात. लाल-पिवळ्या मांसात हिरवा उठून दिसतो, एवढंच त्याचं कारण. खोटा म्हटलं तरी त्यात फसवणूक नाही, कारण रंग खोटा असला तरी जागा खरी असते.

पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत हल्ली शेल्याला आणि सोवळ्याला जे भडक फ्लोरोसंट गुलाबी-नारिंगी रंग लागतात, त्यांचं गुपितही हेच. डोळ्याला न दिसणारा अतिनील प्रकाश ते गिळतात आणि दिसणाऱ्या रंगात परत करतात. म्हणून ते अंगावर पडलेल्या उजेडापेक्षाही उजळ वाटतात. घेतलेल्या प्रकाशापेक्षा सोडलेल्या प्रकाशाची तरंगलांबी जास्त असते, हा प्रतिदीप्तीचा नियम जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ मध्ये सांगितला. इंडोसायनीन ग्रीन तोच पाळतं, फक्त सगळा व्यवहार आपल्या नजरेपलीकडे: ८०० नॅनोमीटरच्या अलीकडेपलीकडे घेतं, ८३० च्या आसपास सोडतं. आपली नजर ७०० च्या पुढे जवळजवळ आंधळी. हा पल्ला सोयीचा आहे, कारण रक्तातलं हिमोग्लोबिन आणि पाणी दोन्ही तिथे प्रकाश कमी खातात. मोबाइलचा टॉर्च तळहाताखाली धरून बघा. लाल तेवढा आरपार येतो, निळा-हिरवा आतच जिरतो. लालच्याही पुढे गेलं की मांस आणखी पारदर्शक होतं.

हा रंग जन्मला कोडॅक कंपनीच्या प्रयोगशाळेत. १९५० च्या दशकात मेयो क्लिनिकचे आयर्विन फॉक्स यांनी तो हृदयातून वाहणाऱ्या रक्ताच्या मोजमापासाठी वापरात आणला, १९५९ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली, आणि पुढची कित्येक दशकं तो यकृताच्या आणि डोळ्याच्या पडद्याच्या तपासण्यांत निमूटपणे राबला. नव्या कामासाठी नवं औषध लागलं नाही, नवा डोळा लागला.

रंगाची गोष्ट निघालीच आहे तर रोह्याकडे वळायला हवं. तिथल्या धाटावच्या औद्योगिक वसाहतीत रंगद्रव्यं बनतात, सुदर्शन केमिकलचा कारखाना रोह्याचाच. रंगाचं रसायनशास्त्र या गावात कित्येक घरांत पगार होऊन येतं. केकवरची चेरी लाल करणारं एरिथ्रोसिन हे फ्लोरेसीन नावाच्या रंगाचं आयोडीन घातलेलं भावंड आहे, हे तिथल्या एखाद्या जुन्या केमिस्टला सांगून पाहा, तो 'मग?' म्हणेल. फ्लोरेसीन १८७१ मध्ये जर्मनीत अडोल्फ फॉन बायर यांनी बनवलं. सहाच वर्षांनी, ऑक्टोबर १८७७ मध्ये, डॅन्यूब नदीचं पाणी जिथे खडकात गडप होतं तिथे ते १० किलो ओतण्यात आलं. सुमारे ६० तासांनी कित्येक किलोमीटर दूर आख नदीच्या उगमाचं पाणी हिरवं चमकू लागलं, आणि डॅन्यूबचं पाणी जमिनीखालून ऱ्हाइनच्या खोऱ्यात जातं हे पक्कं झालं. काखेतल्या फितीची गोष्ट शब्दन् शब्द हीच आहे.

आता तो चकवणारा अर्थ. ही फीत कुणाला दाखवली की पहिली प्रतिक्रिया ठरलेली: म्हणजे ती चमकते ती गाठ कॅन्सरची! शिकलेसवरलेले लोकही असंच म्हणतात आणि वर्तमानपत्रांतल्या बातम्याही कॅन्सर चमकवणारं तंत्र असा मथळा देऊन मोकळ्या होतात. अर्थ साफ चुकला. या रंगाला कर्करोगाचं काडीचं ज्ञान नाही. तो लसीकेतल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटतो आणि लसीका नेईल तिकडे जातो. उजळलेली गाठ पूर्ण निरोगी असू शकते. सुरुवातीच्या टप्प्यातल्या रोगात पुष्कळदा असतेच. चित्र एवढंच म्हणतं: स्तनातून निघालेली वाट आधी इथे येते. चोर तिथे आला होता की नाही, हे ते बोलत नाही. ते ठरतं पॅथॉलॉजिस्टच्या काचपट्टीवर, गाठीचे पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्यावर. तिथे उजेडबिजेड काही नसतो, जांभळ्या-गुलाबी ठिपक्यांची गर्दी असते. मला या तंत्राची थोरवी त्याच्या झगमगाटात वाटत नाही. ते आपल्या अधिकाराबाहेर एक अक्षरही बोलत नाही, यात वाटते.

याच्या पुढची पायरी अधिक अवघड आहे. एखादी गाठ कर्करोगाने ठासून भरली असेल तर लसीकेला आत शिरायला जागाच उरत नाही. वाहिनी तुंबते, प्रवाह आडवाटेने शेजारच्या गाठीकडे वळतो. चमकते ती शेजारीण, आणि जिच्यात रोग ठाण मांडून बसलाय ती अंधारात. म्हणून जाणता शल्यचिकित्सक उजळलेल्या दोन-तीन गाठी काढून झाल्यावर, आत पुन्हा काळोख झाल्याची खात्री करून, कॅमेरा बाजूला सारतो आणि बोट आत घालून चाचपतो. टणक काही लागलं तर ते न उजळताही काढायचं. कित्येक फितींत हा भाग गाळलेला असतो, कारण पडद्यावर बघण्यासारखं त्यात काही नाही. माझ्या मते फितीचा कळस तिथेच आहे. सगळी रोषणाई झाल्यावर शेवटचा शब्द बोटाचा.

उजेड निळ्या रंगापेक्षा सरस आहे का, याचं मोजमाप गर्भाशयाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगात चांगलं झालं. २०१८ मध्ये मायकल फ्रुमोव्हिट्झ यांच्या नेतृत्वाखालच्या चाचणीत, सापडलेल्या गाठींपैकी ९७ टक्के इंडोसायनीन ग्रीनने दिसल्या आणि ४७ टक्के निळ्या रंगाने. आकडा बोलका आहे, अधिक काही बोलायला नको.

हा सगळा खटाटोप कशासाठी, हे मात्र सांगायला हवं. काख पूर्ण साफ केली की साधारण पाचांतल्या एकीचा हात पुढे सुजतो. फक्त राखणदार गाठ काढली तर शंभरांत पाच-सहा जणींचा. लसीकेची वाटच तोडली तर पाणी जाणार कुठे? हात जड होतो, बांगडी कोपराकडे सोडाच, मनगटावर चढत नाही. ब्लाउजची एक बाही उसवून सैल करावी लागते. पेण-रोह्याच्या गावांत ही बाई जूनच्या अखेरीस भाताच्या लावणीला चिखलात उतरते. कुठेतरी बोट कापतं, आणि ज्या हातात राखणदारच उरले नाहीत तो हात दोन दिवसांत लाल, गरम, टम्म होतो. डॉक्टर सांगतात त्या हाताला जखम होऊ देऊ नका, ओझं उचलू नका. असा सल्ला खुर्चीत बसून काम करणाऱ्यांना पाळता येतो. लावणी, कापणी, पाण्याचे हंडे आणि मच्छीची पाटी यांतून हात वाचवायचा तर बाईने करायचं काय? म्हणून नुसत्या सुजेचा आकडा ऐकून मला समाधान होत नाही; तो हात कुणाचा आहे हेही पाहावं लागतं.

या फितीच्या शेजारी ठेवून वाचावा असा एक मजकूर मुंबईचा आहे. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या वाणी परमार, राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांचा, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला शोधनिबंध. टेक्नेशियमचं निम्मं बळ सहा तासांत ओसरतं. ते हाताळायला अणुवैद्यक विभाग लागतो, गाठ हुडकायला गॅमा प्रोब लागतो. देशातल्या बहुतेक शस्त्रक्रियागृहांत यातलं काही नसतं. मग निबंध विचारतो: रंग नको, किरण नकोत, शरीरातलीच एखादी खूण धरून चाललं तर? दुसऱ्या आणि तिसऱ्या बरगडीच्या फटीतून एक पांढुरका मज्जातंतू निघतो आणि काख आडवी ओलांडून दंडाच्या आतल्या त्वचेकडे जातो. सुतासारखा, नुसत्या डोळ्यांना दिसणारा. त्याच्या खालची चरबी गाठींसकट काढायची, वरची राहू द्यायची. जवळपास पावणेपाचशे स्त्रियांत ही पद्धत आणि राखणदार गाठीची पद्धत दोन्ही करून, मग उरलेली काखही तपासून ताडून पाहिलं. मज्जातंतूची खूण अचूकतेत मागे पडली नाही. निबंधाचं गद्य कोरडं ठणठणीत आहे, तसंच ते असायला हवं. पण त्यामागचं धाडस मला फार मोलाचं वाटतं. जगाची सगळी रोषणाई मान्य करून, ती घरात नसताना काय करायचं याचं उत्तर त्यांनी काखेतच शोधलं.

उजेडाचीही स्वस्त आवृत्ती आहे. इंडोसायनीनचा कॅमेरा महाग. फ्लोरेसीनचा उजेड मात्र डोळ्याला सरळ दिसतो. दिल्लीच्या एम्समधल्या शल्यचिकित्सकांनी मेथिलीन ब्लूच्या जोडीने ते टोचून, निळ्या एलईडी दिव्याखाली गाठी शोधल्या आहेत. डॅन्यूबमध्ये ओतलेला तोच रंग. निळा प्रकाश मांसात फार खोल जात नाही, त्यामुळे काखेकडे येणारी रेघ त्वचेखालून बघण्याचं सुख यात नाही. छेद घेतल्यावरच काय ते दिसतं. सुखाचा भाग वजा करून काम होत असेल तर हरकत काय?

एक गोष्ट मात्र या कौतुकात दडपली जाऊ नये. कमी काढणं नेहमीच शहाणपणाचं नसतं. तोंडाच्या कर्करोगात मानेत गाठ हाताला लागत नसली तरी मानेतल्या गाठी आधीच काढाव्यात की थांबून बघावं, याची चाचणी टाटाच्याच अनिल डिक्रूझ यांनी केली. २०१५ मध्ये तिचे निकाल आले. आधीच काढलेल्यांपैकी ८० टक्के तीन वर्षांनी हयात होते, थांबलेल्यांपैकी ६७.५ टक्के. मिश्री आणि गुटखा ज्या जिल्ह्यात घरोघरी आहे, तिथे हा आकडा विसरून चालणार नाही. काखेचं व्याकरण मानेला लावता येत नाही.

काखेत मात्र वारं कमी काढण्याच्याच दिशेचं आहे, इतकं की ही फीतही कधी तरी नको होईल. २०२३ मध्ये मिलानहून चालवलेल्या एका चाचणीचे निकाल आले. स्तनातली गाठ दोन सेंटिमीटरपर्यंत आणि सोनोग्राफीत काख स्वच्छ, अशा स्त्रियांत राखणदार गाठ काढली काय आणि न काढली काय, पाच वर्षांनंतरचं चित्र सारखंच: रोग दूर न पसरता राहिलेल्यांचं प्रमाण दोन्हीकडे ९८ टक्क्यांच्या आसपास. पण गाठ दोन सेंटिमीटरच्या आत सापडायला बाई वेळेत दवाखान्यात यावी लागते. आपल्याकडे आधी लावणी होते, मग गणपती होतात, मग भात झोडून घरात येतं, आणि मग दिवा-रोहा मेमू पकडून पनवेल, तिथून खारघरचं टाटाचं कर्करोग केंद्र ॲक्ट्रेक किंवा थेट परळ. खारघर रायगड जिल्ह्यातच असलं तरी रोह्याच्या आतल्या वाडीवरून ते जवळ नाही. तोवर गाठ वाढलेली असते, आधी केमोथेरपी देऊन ती आकसवावी लागते, आणि केमोनंतरच्या काखेत लसीकेच्या वाटा पूर्वीच्या राहिलेल्या नसतात. अशा काखेत कशावर भरवसा ठेवावा, हे टाटाच्या परमार-बडवे गटाने २०२० मध्ये तपासलं. तिथे रंगाने दाखवलेल्या गाठीपेक्षा मज्जातंतूखालची चरबी अधिक खरी बोलली.